धानाच्या वाटेनं गेलेली फौज

आमच्या तिरोड्याकडे दसऱ्याला हलका धान कापणीला येतो. भारी धान अजून हिरवा असतो. त्याच्या लोंब्या नुकत्या वाकायला लागलेल्या असतात, बांधीत पाणी असतं आणि धुऱ्यावरून चालताना पाय जपून टाकावा लागतो. सीमोल्लंघनाला आम्ही गावच्या शिवेपर्यंत जातो आणि आपट्याची पानं घेऊन परत येतो. पावणेतीनशे वर्षांपूर्वी या दिवशी शीव ओलांडणारे परत येत नसत, निदान पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत तरी नाही. नागपूरकर भोसल्यांचे डेरे दसऱ्याला बाहेर पडत. पाऊस सरलेला, नद्या उतरलेल्या, वाटा वाळत आलेल्या, आणि ज्या मुलखात जायचं तिथला धान पिकत आलेला. माणसाला भात लागतो, घोड्याला तणीस लागते, आणि दोन्ही एकाच काडीवर वाढतात. लढाईचं पंचांग हे असं शेताच्या पंचांगावरून बेतलेलं असे.

भास्करराम कोल्हटकराची कारकीर्द मी या पंचांगावरूनच वाचतो. इतिहासाच्या पुस्तकांत तो नागपूरकर भोसल्यांचा सेनापती म्हणून येतो. रतनपूर घेणारा, बंगालच्या नवाबाला वर्धमानला कोंडणारा आणि शेवटी दग्यानं मारला गेलेला. हे सगळं खरं आहे आणि थोर आहे. पण मी धान पिकवणाऱ्यांच्या घरातला माणूस. घोडदौडीचं वर्णन वाचताना माझी नजर घोड्याच्या खुरांकडे जाते. ते खूर कोणत्या महिन्यात, कोणाच्या बांधीतून गेले, हे कळल्याशिवाय पान उलटवत नाही.

त्याचा धनी रघूजी भोसले, सेनासाहेबसुभा. घराणं हिंगणीकर भोसल्यांचं, सनदा साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या. देवगडच्या गोंड राजघराण्यात चांद सुलतानानंतर वारशाचा तंटा पेटला. राणी रतनकुंवरनं रघूजीला मदतीला बोलावलं. तो तंटा मिटवायला आला आणि हळूहळू मुलखाचाच धनी झाला. गोंड राजा बुऱ्हाण शहाला त्यानं नागपुरात मानानं ठेवलं, राजेपण त्याच्या नावावर राहू दिलं, आणि सत्ता स्वतःच्या हातात घेतली. हा आमचा मुलूख तेव्हा अर्ध्याहून अधिक जंगल होता. आज कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस सातारा, पुणे, नागपूर करत तिरोड्यावरून गोंदियाला जाते, तेव्हा मला वाटतं की रघूजीच्या आयुष्याची सगळी वाट ही एक गाडी रोज चालून येते. आणि त्याच रुळांवरून गीतांजली, हावडा मेल, आझाद हिंद पूर्वेकडे जातात, ती वाट भास्कररामाची.

अगदी तीच नव्हे. नागपूरहून सरळ रतनपूरला जायचं तर वैनगंगा ओलांडावी लागते, एवढं भूगोल सांगतो. नदीचा उतार कुठे होता, तळ कोणत्या आंबराईत पडला, हे गावोगावचे लोक आपापल्या परीनं सांगतात आणि प्रत्येकाला ते आपल्याच गावात पडलेले हवे असतात. मला त्या भांडणात रस नाही. एवढी मोठी फौज एका वाटेनं जातच नाही. ती पाण्यासारखी पसरत जाते. 

१७४० साली रघूजी कर्नाटकात उतरला. दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अली पडला, पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली घेतली गेली आणि तिथला सत्ताधीश चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला आला. ही रघूजीच्या आयुष्यातली सर्वांत झळाळती मोहीम. तो तिकडे दक्षिणेत असताना इकडे पूर्वेचा मोहरा भास्कररामाकडे होता. तो दिवाणगिरी करणारा ब्राह्मण. हिशेबाच्या कागदांत वाढलेला हात तलवारीवर आला की माणूस कसा सेनापती होतो, याची उदाहरणं त्या शतकात अनेक आहेत, आणि मला ती नेहमी विलक्षण वाटतात. किती घोडी, किती दाणा, किती मुक्काम, किती दिवस, हा हिशेब ज्याला येतो त्याला अर्धी लढाई आलेली असते. मराठ्यांची फौज अवजड तोफांवर आणि लांबलचक बुणग्यांवर अवलंबून नव्हती. तिचं बळ वेगात होतं, आणि वेगाचं गणित रोजच्या वैरणीशी येऊन मिळतं.

१७४१ च्या सुमारास तो छत्तीसगडात शिरला. रतनपूरला हैहयवंशी राजांची गादी होती, शतकानुशतकांची जुनी. राजा रघुनाथसिंह म्हातारा झालेला, आणि त्याचा मुलगा वर्षभरापूर्वीच वारलेला. फौज दारात आली तरी तो हलला नाही. किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या, राजवाड्याचा एक भाग ढासळला, तरीही हलला नाही. शेवटी एक राणी तटावर चढली आणि तिनं पांढरं निशाण दाखवलं. गढी पडली. भास्कररामानं शहरावर दंड बसवला, खजिना घेतला आणि तो पुढं गेला.

बखरीच्या चालीनं लिहिणारे हा प्रसंग दोन ओळींत उरकतात, कारण यात लढाई नाही. मला मात्र भास्कररामाच्या साऱ्या कारकिर्दीत या तटावरच्या राणीपाशी सर्वांत जास्त वेळ थांबावंसं वाटतं. कोणत्या राणीनं ते निशाण हाती घेतलं, तिचं नाव काय, ती त्या वारलेल्या मुलाची आई होती का, हे वर्णनात कुठे येत नाही. सेनापतीच्या बाजूनं हा एक सोपा विजय. पण घरात शोक असताना दारी आलेल्या माणसाशी काय करायचं, हे ज्या घरात कोणालाच ठरवता येईना तिथे एका बाईनं ते ठरवलं. तोफा थांबल्या त्या तिच्यामुळे. रतनपूरच्या लोकांचे जीव वाचले त्यात तिचा वाटा सर्वांत मोठा, आणि तिच्यासाठी इतिहासानं एक वाक्य ठेवलं आहे. छत्तीसगडची रेल्वे तिरोड्यावरूनच जाते. कोळशाच्या वाघिणी तिकडून आमच्याकडे येतात, आमची माणसं मजुरीला आणि सोयरिकीला तिकडे जातात. रतनपूर आम्हाला परकं नाही. ती राणीही नाही.

पुढं बंगाल. तिथली चौथाई हा सातारा दरबाराचा दावा होता, आणि बंगाल त्या काळी हिंदुस्थानातला सर्वांत सधन सुभा. नवाब अलीवर्दी खान सत्तरीचा, पण घोड्यावर बसला की तरुणांना दमवणारा. ओडिशातलं बंड मोडून तो मुर्शिदाबादला परतत होता, मोठी फौज त्यानं पुढं पाठवून दिली होती. १७४२ च्या एप्रिलात वर्धमानला राणीच्या तलावाकाठी त्याचा मुक्काम पडला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना चारी बाजूंना मराठ्यांचे घोडेस्वार दिसले. रामगड, पंचेतच्या डोंगराळ जंगली वाटेनं भास्करराम इतक्या वेगानं आला होता की तो येतोय ही बातमी आणि तो स्वतः जवळजवळ बरोबरच पोचले. जुन्या लिखाणात चाळीस हजार स्वारांचा आकडा येतो. मला तो फुगवलेला वाटतो. पण आकडा निम्मा धरला तरी ही दौड थक्क करणारी आहे.

त्यानं तळावर हल्ला चढवला नाही. नवाबाच्या बंदुका-तोफांसमोर घोडी घालण्यात शहाणपण नव्हतं. त्यानं रसद तोडली. आसपासच्या गावांतून धान्य येणं बंद केलं, चारा कापायला बाहेर पडलेल्यांना कापलं, आणि वाट पाहिली. अलीवर्दी तळ मोडून कटव्याकडे निघाला तेव्हा वाटभर त्याच्या पिछाडीचे लचके तुटत गेले, सामानसुमान आणि तंबू गेले. शिपाई झाडपाला खात चालले, असं फारसी तवारिखांत येतं. कटव्याला धान्याची कोठारं होती. मराठ्यांनी ती आधीच पेटवून दिली होती. त्या जळक्या तांदळावर नवाबाच्या उपाशी फौजेनं जीव धरला.

लढाईची विद्या म्हणून पाहिलं तर हे निर्दोष आहे. थोड्या नुकसानीत, समोरासमोर न भिडता, एका मुरलेल्या योद्ध्याला त्यानं गुडघ्यावर आणलं होतं. गनिमी काव्याचं इतकं नेटकं उदाहरण नर्मदेच्या पलीकडे फार थोडं सापडेल. माझ्या मनात त्याबद्दल आदर आहे आणि तो मी लपवत नाही. पण जळक्या तांदळाचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला हे पान वाचणं जड जातं. आमच्याकडे मळणीआधी धान कापून पुंजणे रचून ठेवतात. वैरातून किंवा ठिणगी पडून एखादा पुंजणा पेटला की साऱ्या गावात तो वास पसरतो, आणि ज्याचा पुंजणा जळाला त्याच्याशी दोन दिवस कोणी मोठ्यानं बोलत नाही. कटव्याच्या कोठारांतला तांदूळ नवाबानं पिकवला नव्हता. कोणातरी शेतकऱ्यानं रोवणीपासून कापणीपर्यंत कंबर मोडून तो पिकवला होता, साऱ्यात दिला होता, आणि आता तो दोन फौजांच्या मध्ये जळत होता.

याच लढाईत मीर हबीब भास्कररामाला मिळाला. शिराजहून आलेला, हुगळीत फिरून माल विकता विकता ओडिशाच्या कारभारापर्यंत चढलेला, अलीवर्दीशी हाडवैर धरून बसलेला माणूस. त्याला बंगालची नस नस माहीत होती. ६ मे १७४२ ला मराठे मुर्शिदाबादच्या वेशीवर पोचले, डहापाडा जाळला, सावकार जगतशेठची कोठी लुटली, ते त्याच्याच वाटाडेपणानं. आणि पावसाळा जवळ आला तेव्हा भास्करराम बीरभूमकडून परत फिरायला निघालेला असताना त्याला थांबवलं तेही मीर हबीबनंच.

इथे भास्कररामानं पंचांग मोडलं. बंगालचा पावसाळा आमच्यापेक्षाही दांडगा. भागीरथी, अजय, दामोदर फुगतात, सपाट भूमीचा समुद्र होतो, आणि घोडा, ज्याच्यावर मराठ्यांचं सगळं बळ, तो चिखलात रुतून उभा राहतो. पण कटवा हाती होतं, हुगळीही आली, भागीरथीच्या पश्चिमेचा बराच मुलूख सारा द्यायला लागला. एवढं सगळं सोडून कोण परत जाईल? त्यानं कटव्याला ठाण मांडलं.

मग आश्विन आला. कटव्याजवळ दाईंहाटला त्यानं दुर्गापूजा मांडली. जमीनदारांकडून वर्गणी घेतली, मंडप उभा केला, देवी बसवली. नागपूरपासून इतक्या दूर, परमुलखात, ज्याचं मन नवरात्रात घरी धावलं असेल अशा माणसानं तिथल्या रीतीनं तिथली देवी पूजली. मला हा त्याचा क्षण फार आवडतो. यात दिमाख होता आणि भक्तीही होती. अलीवर्दी मात्र नदीपलीकडे होड्या जमवत होता. अष्टमीची रात्र ओसरता ओसरता त्यानं होड्यांच्या पुलावरून माणसं उतरवली आणि २७ सप्टेंबर १७४२ च्या पहाटे, नवमीला, बेसावध तळावर छापा घातला. पूजा अर्धी राहिली. विसर्जनाआधीच देवीचा यजमान निघून गेला होता.

पळ म्हणावा असाच तो पळ होता, पण त्यानं फौज फुटू दिली नाही. मेदिनीपूर, कटक करत, पाठीवर नवाब घेऊन, डिसेंबरपर्यंत तो चिल्का सरोवराच्या पलीकडे निसटला. जिंकताना सेनापतीची परीक्षा होत नाही असं माझं मत आहे. हरलेली, थकलेली, घरापासून तोडलेली माणसं एकत्र ठेवून शेकडो मैल मागं आणणं, ही भास्कररामाची खरी कामगिरी. तिच्यावर कोणी पोवाडा रचलेला माझ्या ऐकण्यात नाही.

बंगालची बाजू गंगारामानं लिहून ठेवली. त्याच्या बंगाली काव्याचं नाव महाराष्ट्र पुराण, काळ १७५१ च्या सुमाराचा, म्हणजे आठवणी ताज्या असतानाचा. माझ्यासारख्या मराठी माणसानं ते काव्य एकदा तरी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. त्यात गावांची यादी येते, जाळलेल्या गावांची. पळणाऱ्यांची यादी येते. पोथ्यांचं ओझं घेतलेले ब्राह्मण, तराजू उचललेले सोनार, जाळी खांद्यावर टाकलेले कोळी, वाटेत बसून पडलेल्या गरोदर बायका. पैसा मागण्यासाठी केलेले हाल येतात, बायकांवरचे अत्याचार येतात. आणि एक गोष्ट येते जी वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. या काव्यात पृथ्वीवर पाप माजलं म्हणून मराठ्यांना पाठवण्याची प्रेरणा शंकराचीच असते. मराठे देवाच्या कामाला निघालेले असतात. पण ते ब्राह्मणांना, वैष्णवांना, बायकांना छळू लागतात तेव्हा भगवती संतापते आणि आपलं बळ नवाबाच्या बाजूला देते. ज्या देवीची तो पूजा मांडून बसला होता, तीच त्याला सोडून गेली, असं गंगाराम म्हणतो.

कोणी म्हणेल, हा पराभूत बाजूचा कवी, तो वाढवून सांगणारच. थोडं वाढवलंही असेल. पण वर्धमानच्या दरबारातला बाणेश्वर विद्यालंकार संस्कृतात तेच सांगतो, नवाबाच्या बाजूचे फारसी लेखक तेच सांगतात, आणि कलकत्त्याच्या इंग्रजांनी १७४३ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला तो काही कवितेवर विश्वास ठेवून नव्हे. तो पुरा झालाच नाही. पुढं तो बुजवून त्यावरून रस्ता गेला. मराठा खंदक हे नाव मात्र कलकत्त्याच्या इतिहासात राहिलं. बंगालात बाळाला निजवताना आया अजून एक अंगाई म्हणतात, तिच्यात आपल्या घोडेस्वारांचं येणं आहे. त्या अंगाईत मूल झोपलेलं असतं आणि काळजी असते ती पाखरांनी खाल्लेल्या धानाची आणि भरायच्या साऱ्याची. ही काळजी माझ्या आजीची होती. शब्द बंगाली, पण ती बाई तिरोड्याच्या कुठल्याही बांधीत उभी करा, ओळखू येईल.

माझा पुतण्या सैन्यात आहे. मध्यंतरी त्याची बदली पानागढला झाली होती, म्हणजे थेट वर्धमानच्या मुलखात. अजय नदी तिथून जवळ, कटवा काही तासांच्या वाटेवर. तो फोनवर सांगे, काका, इकडं सगळं आपल्यासारखंच आहे, बांध्या आहेत, पऱ्हे टाकतात, बाया ओणव्यानं रोवणी करतात, घराघराला तळं. बंदोबस्ताच्या कामाला त्याची तुकडी खेडोपाडी गेली की लोक चहा देत, कुठल्या गावचा म्हणून विचारत. तो महाराष्ट्र म्हणे. कोणी काही जुनं काढलं नाही. मी त्याला भास्कररामाबद्दल सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्यानं विचारलं, त्या फौजेला पगार वेळेवर मिळत होता का? शिपायाचाच प्रश्न. आणि फार योग्य प्रश्न. मिळत नव्हता. फौज लुटीवर आणि वसुलीवर पोसली जाई, आणि बारगिराच्या हातून गावात जे घडलं त्याचं मोठं कारण त्या रिकाम्या खजिन्यात होतं. कारण सांगितलं म्हणून जळालेलं गाव परत उभं राहत नाही, हेही मी त्याला सांगितलं.

१७४३ ची हकीकत थोडक्यात उरकतो, कारण ती वाचताना मन विटतं. रघूजी स्वतः बंगालात उतरला, आणि दुसरीकडून पेशवा नानासाहेब नवाबाच्या मदतीला आला. दोन मराठी फौजा एकमेकींवर. नवाबानं पेशव्याला पैसे दिले, पेशव्यानं रघूजीला हाकललं. मग शाहू महाराजांनी दोघांना बसवून वाटणी केली आणि पूर्वेचा मुलूख भोसल्यांकडे राहिला. पेशव्याला पोचलेला पैसा शेवटी रयतेच्याच घरातून निघाला होता.

वाटणी झाल्यावर भास्करराम पुन्हा निघाला, ओडिशातून, मेदिनीपूरमार्गे. हे १७४४. अलीवर्दी आता थकला होता. खजिना रिता, फौज कुरकुरणारी, आणि वर्षानुवर्षं परत येणारा हा शत्रू. त्यानं तहाची बोलणी लावली. त्याचा अफगाण सरदार मुस्तफा खान आणि दिवाण जानकीराम मराठ्यांच्या तळावर आले. एकानं कुराणावर, दुसऱ्यानं गंगाजळ आणि तुळशीवर हात ठेवून शपथ घेतली, असं सांगतात. भेट मनकऱ्याच्या मैदानात ठरली. ३१ मार्चला भास्करराम आपले एकवीस सरदार घेऊन त्या शामियान्यात शिरला. कनातींच्या आड हत्यारबंद माणसं उभी होती. नवाबाचा इशारा झाला आणि थोड्या वेळात सगळं संपलं.

तो का गेला? इतका सावध, वेगाच्या आणि हुलकावणीच्या बळावर जगलेला माणूस शत्रूच्या तंबूत कसा शिरला? आमच्याकडचे लेखक भोळेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. तिसरं वर्ष चाललं होतं. मार्च संपत आला होता, उन्हं चढली होती, दोन महिन्यांत पाऊस लागणार होता, आणि पावसाळा अंगावर घेतल्यानं काय होतं हे तो कटव्याला शिकला होता. तह होऊन चौथाई ठरली असती तर दरसालची ही दौड संपली असती. हिशेब जाणणाऱ्या माणसाला तो सौदा हवासा वाटला असणार. त्याला बहुधा लढाई संपवायची होती. हे माझं वाचन आहे, कागदावर असं कुठे लिहिलेलं नाही. पण शपथेवर विश्वास ठेवून मेलेल्या माणसाला मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्यानं शपथ मोडली त्याच्या पदरी दोष पडतो. अलीवर्दी आपल्या रयतेला वाचवण्यासाठी हे करत होता हेही तितकंच खरं, आणि ती रयत त्या दिवशी सुटकेचा श्वास टाकत असेल. मला भास्कररामासाठी वाईट वाटतं आणि त्या रयतेसाठी बरं वाटतं. या दोन्ही भावना मी एकत्र बाळगून आहे.

सरदारांपैकी रघूजी गायकवाड एकटा तळावर मागं राहिला होता. त्यानं बातमी लागताच फौज उठवली आणि ती जशीच्या तशी बाहेर काढली. ज्या माणसानं चिल्कापर्यंत माणसं सांभाळून नेली होती, त्याच्या मरणानंतरही त्याची फौज तुटली नाही.

मग रघूजी भोसल्याचा सूड. १७४५ पासून दरसाल स्वाऱ्या, कटकचा ताबा, आणि १७५१ मध्ये अखेर तह झाला. सुवर्णरेखेपर्यंतचा ओडिशा भोसल्यांकडे, बंगालची चौथाई वर्षाला बारा लाख. १७५५ च्या फेब्रुवारीत रघूजी वारला. कटक १८०३ पर्यंत नागपूरकरांकडे राहिलं.

आमच्या घराचा धागा या कटकशी येऊन मिळतो. माझा आजा म्हणे, आपले लोक कटकच्या लढाईला गेले होते, म्हणून ही जमीन. लहानपणी ती मला म्हाताऱ्याची गोष्ट वाटे. पुढं इंग्रजी अमदानीतल्या बंदोबस्ताच्या नोंदी वाचल्या. तिरोडा तेव्हा भंडारा जिल्ह्यातली तहसील होती. आमचे पोवार लोक आधी रामटेकजवळ नगरधनला स्थिरावले, आणि चिमणाजी भोसल्याच्या कटक मोहिमेत त्यांच्यापैकी अनेकांनी चाकरी केली म्हणून त्यांना वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी मिळाल्या, असं तिथे सापडतं. जंगल तोडून, बांध घालून, तळी बांधून त्यांनी आणि कोहळ्यांनी हा मुलूख धानाचा केला.

चिमणाजी म्हणजे खंडोजी उर्फ चिमणाबापू, मुधोजीचा मुलगा, रघूजीचा नातू. १७७९ मध्ये नाना फडणीस, निजाम, हैदर आणि भोसले यांनी इंग्रजांविरुद्ध मोट बांधली तेव्हा बंगालवर जायचं काम नागपूरकरांकडे आलं. चिमणाबापू तीस हजार स्वार घेऊन दसऱ्याला निघाला, आणि कटकला पोचायला त्याला पुढच्या वर्षीचा मे उजाडला. भास्कररामाची दौड ज्यानं वाचली आहे त्याला ही चाल पाहून कळतं की जाणाऱ्याला पोचायचं नव्हतं. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यानं पैसे देऊन फौज कटकातच थोपवली. नागपुरात पितृपक्षात, म्हणजे आमच्या भाषेत हाडपकात, भोसल्यांच्या वाड्यावर गणपती बसतो. त्याला हाडपक्या किंवा मस्कऱ्या गणपती म्हणतात. चिमणाबापू बंगाल जिंकून परतला तोवर घरचा गणपती विसर्जित झाला होता, म्हणून विजयाच्या आनंदात त्यानं पुन्हा बसवला, अशी कथा आहे. उत्सव सुंदर असतो, मी आवडीनं जातो. पण त्याची फौज बंगालात शिरलीच नव्हती.

आणि याचं मला समाधान वाटतं. आमच्या पूर्वजांना जमीन ज्या मोहिमेबद्दल मिळाली, तिच्यात वर्धमान जळलं नाही, कटव्याची कोठारं पेटली नाहीत, गंगारामाच्या यादीत आणखी गावं आली नाहीत. वाड्यावरची कथा त्या मोहिमेला विजय म्हणते. मी तिला चांगलं म्हणतो ते नेमकं विजय झाला नाही म्हणून.

तरी समाधान पुरतं बसत नाही. तीस हजार घोडी कटकला महिनोन्‌महिने उभी होती. हेस्टिंग्जचे पैसे भोसल्यांच्या हाती गेले. घोड्याला रोज दाणा आणि तणीस लागते, स्वाराला दोन वेळचा भात. महानदीच्या काठचा तो सगळा मुलूख धानाचा आहे, आमच्यासारखाच. त्या वर्षीचा तिथल्या शेतकऱ्यांचा धान कोणी खाल्ला असेल, हे आजाला विचारायचं माझ्या मनात कधी आलं नाही, आणि त्यालाही ते कोणी सांगितलं नसणार.